पाय दाराकडे

वर्ष संपायला चार दिवस उरले की
इपोहमधल्या निम्म्या बायका माझ्या नवऱ्याला फोन करतात.
आरसा कुठे लावू, मासे किती ठेवू,
दीर मेलबर्नहून येतोय,
त्याला कुठल्या खोलीत झोपवलं
की पैशांचं बोलणं निघणार नाही.

चोई लाकडी होकायंत्र पिशवीत घालतो.
वर्तुळांत वर्तुळं, लाल-काळी अक्षरं,
मधोमध सुई, डोळ्यातल्या कुसळाएवढी.
स्कूटर काढतो आणि जातो.

काल मिसेस लोकच्या घरी त्याने सोफा हलवला.
सासू-सून पाठीला पाठ लावून बसायच्या,
आता दोघींना एकच खिडकी दिसते.
वारं नीट वाहू द्या, म्हणाला म्हणे.
वारं!
आमचा पंखा तीन आठवडे
दोन नंबरावर अडकलाय.

दिव्याखाली अंधार म्हणतात.
आमच्या दिव्याखाली खोकी आहेत.
दोन संत्र्यांची,
एक वाळवलेल्या बदकांचं,
आणि एक नणंदेचं, गेल्या वर्षी
"उघडू नका" म्हणून ठेवलेलं,
नेमकं ईशान्येला.

मी झाडतेय. पहिल्या दिवशी झाडू धरायचा नाही,
नशीब केरात जातं,
म्हणून सगळं आजच:
जळमटं, टाकीतलं शेवाळ,
फ्रिजमागचं ते काळं काहीतरी,
जे बाजारातून आलं तेव्हा आलं होतं.
सुऱ्या धुऊन कापडात गुंडाळते,
सणाच्या दिवशी धार दिसू नये.
जिभेचं काय करायचं
ते कुठल्या पंचांगात नाही.

सोक हा दारातच म्हणाली,
"उंबऱ्यासमोर चपलांचा ढीग?
आणि ही म्हणे फेंगशुईवाल्याची बायको."
मी तांदळाचा डबा भरत होते.
भरत राहिले.
डबा भरला, तरी भरत राहिले.

रात्री चोई आला, शर्ट पाठीला चिकटलेला.
मी म्हटलं, आज आपलं घर बघ. फी देते.
हसला.
मग मी हसत नाही हे त्याला दिसलं.
होकायंत्र काढलं.

स्वयंपाकघरात चूल आणि नळ समोरासमोर.
"आग आणि पाणी," म्हणाला,
"लग्न झालं तेव्हापासून माहीत आहे मला."
मग सांगितलं का नाहीस?
"भिंत पाडावी लागली असती."

नंतर पुई यीची खोली.
पलंगाचे पाय दाराकडे.
माणूस गेलं की असंच बाहेर काढतात,
दुसऱ्याच्या घरी असता
तर चहा घ्यायच्या आधी त्याने तो फिरवला असता.
पण सात वर्षांची होती तेव्हा
तिनेच ढकलत ढकलत तो असा केला.
तुम्ही भांडता तेव्हा मला दिसायला पाहिजे, म्हणाली होती.
आता पर्थला आहे.
तिकिटं महाग आहेत, म्हणते.
तिकिटं दरवर्षीच महाग असतात.

चोई पलंगाच्या कडेवर बसला, होकायंत्र मांडीवर.
सुई थरथरली, थांबली,
परत थरथरली. त्याच्या गुडघ्यात वात आहे,
त्यामुळे असेल.

"हलवू?"

राहू दे, म्हटलं. आधी तो पंखा बघ.

साडेअकराला तो स्टुलावर चढला.
सोक हाने टॉर्च धरला, मी स्टूल.
कुणी कुणाला काही शिकवलं नाही,
पाच मिनिटं तरी.
मग खटका बसला आणि पंखा
एकदम पाचवर सुटला,
आणि टेबलावर मांडून ठेवलेली
लाल पाकिटं, अजून रिकामीच,
घरभर उडाली.

"गेलं नशीब," सोक हा ओरडली
आणि सगळ्यात आधी तीच टेबलाखाली शिरली.
मागोमाग मी. मग चोई, गुडघ्याला शिव्या घालत.
तिघं चार पायांवर, खोक्यांच्या मधून,
एकमेकांच्या डोक्यावर डोकी आपटत.

कुणाचं तोंड कुठल्या दिशेला होतं
ते बघितलं नाही.
छत्तीसपैकी चौतीस सापडली.